सिबीचं वाळवण

अट्रॅक्टा पॅडन दारात आली तेव्हा ऑनर रुआन सोड्याचा पाव कापत होती आणि फेस्टी लाव्हेल लोण्याकडे डोळे लावून बसला होता.

हरवलेले पूर्वज शोधून देणं हा ऑनरचा धंदा. अमेरिकेतून माणसं यायची. आमचे आजोबा इंग्रजांशी लढले, त्यांचा माग काढा म्हणायची. ती काढायची. आजोबा लढाईच्या वेळी बॉस्टनमध्ये पिंपं उचलत होते असं निघालं, तर तेही तोंडावर सांगायची. फेस्टी हा निवृत्त हवालदार. गाडी त्याची आणि डोकं तिचं, असा त्यांचा जुना करार होता.

"ये गं मावशी, चहा घे आधी," फेस्टी म्हणाला.

अट्रॅक्टामावशी ब्याऐंशीची. सरळ खुर्चीत बसली आणि मांडीवरचं बोचकं घट्ट धरून म्हणाली, "स्मारकाच्या शिळेवर एक ओळ कोरी आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक नसायला काय झालं? कॅरिगबानमध्ये दुसरा विषयच नव्हता. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांशी लढणारी गावची पोरं बंदुका घेऊन डोंगरातल्या गुहेत राहायची. रविवारी ती मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, खाली उतरतील तेव्हा पकडता येतील, म्हणून टॅन म्हणजे इंग्रज सरकारच्या शिपायांच्या लॉऱ्या मिस्सेच्या वेळीच यायच्या आणि दर वेळी हात हलवत परत जायच्या. शेवटी एका धो धो पावसाच्या रविवारी पोरंच पुलापाशी दबा धरून बसली आणि लॉऱ्या अडकल्या. कोणीतरी नेमकी आगाऊ खबर देत होतं. पोरांची नावं शिळेवर कोरून झाली होती, खबर देणाऱ्याची जागा तेवढी मोकळी होती. रविवारी मिस्सेनंतर समिती नाव ठरवणार आणि सोमवारी पाथरवट येणार.

"ते नाव माझ्या आजीचं आहे," मावशी म्हणाली. "सिबी पॅडनचं."

फेस्टीला हसू आवरलं नाही. "म्हणजे सिबीचं वाळवण शिळेवर?"

मग त्याने जीभ चावली. पण गावात कोणी वेड्यासारखं काम केलं की म्हणतातच, हे तर सिबीचं वाळवण. फेस्टीची आई तर दिवसातून दोनदा म्हणायची, आणि बहुतेक वेळा फेस्टीलाच.

"हस बाबा," मावशी शांतपणे म्हणाली. "मी हे ऐकतच म्हातारी झाले. आजी जाताना माझा हात धरून म्हणाली होती, मीही होते गं त्यांच्यात. तेव्हा मी दहा वर्षांची. काय होतीस ते विचारायचं राहिलं. माझ्यामागे पॅडन कोणी नाही, ऑनर. मी मिटले की ती जन्मभर फक्त आळशी सिबी राहील."

ऑनरने पाव बाजूला ठेवला. "पोटापाण्याला काय करायची?"

मावशीचा चेहरा उतरला. "बराकीतल्या शिपायांचं धुणं धुवायची. त्यांचा माणूस सोमवारी सदरे न्यायला यायचा. कधी कधी शनिवारीच यायचा, मग ओलेच घेऊन जायचा. इस्त्रीसुद्धा करू देत नसत मेले, असं आजी पुढे सांगतानाही कुरकुरायची."

"आणि बोचक्यात काय?"

लाल लोकरी परकर होता. ऑनरने तो खिडकीशी नेऊन पाहिला. कमरेची नाडी कधी गाठ न मारल्यासारखी गुळगुळीत होती आणि पट्टीवर गंजाचा एक गोल डाग होता.

"नेसायची का हा?"

"कधीच नाही. पण कोणाला हातही लावू द्यायची नाही."

समितीचे अध्यक्ष मॅलकी गॉन, निवृत्त मास्तर. त्यांचे आजोबाही मास्तर. मॅलकींनी ऑनर आणि फेस्टीला दिवाणखान्यात बसवलं आणि भिंतीवरच्या मिशाळ तसबिरीकडे बोट केलं.

"खबर यांनी दिली. शाळेची घंटा वाजवून."

"ती टॅन शिपायांना ऐकू गेली नाही?" ऑनरने विचारलं.

"त्यांना ती शाळेचीच घंटा वाटणार ना."

"रविवारी?"

मास्तरांनी घसा साफ केला. "आजोबा धर्मनिष्ठ होते. चाळीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवली, एक मिस्सा चुकवली नाही. आणि तिकडे तुमची सिबी! टॅनचे सदरे धुणारी बाई. ते नाव शिळेवर गेलं तर पोरं थडग्यात कूस बदलतील."

समितीतल्या कन्सेप्टा गिंटीचं दुकान आणि दारूचा गुत्ता एकाच छपराखाली होता. तिचे आजोबा टपालवाले. तिने फेस्टीपुढे न विचारता ग्लास ठेवला.

"आमच्या आजोबांनीच सायकलवरून खबर नेली. अगदी पुलाच्या दिवशीसुद्धा."

"त्या पावसात?" ऑनर म्हणाली.

"मग! तुमच्या सिबीला त्याच पावसानं प्रसिद्ध केलं की. बाईसाहेब मिस्सेला आल्या नाहीत. घरी भिंतीवर कपडे वाळत घालून बसल्या, रविवारी काम करणं पाप असताना, आणि तेही भर पावसात. येताजाता लोकांनी पाहिलं. फादरनी त्याच मिस्सेत वेदीवरून नाव घेऊन झोडपलं. आजोबा पहिल्याच बाकावर होते, फादरच्या तोंडातली थुंकी अंगावर उडाली म्हणून सांगायचे. तेव्हापासून ती म्हण."

"छान," ऑनर म्हणाली. तिच्या डोळ्यांत मांजराला दूध दिसल्यावर येते तसली चमक आली होती. फेस्टीला ती ओळखीची होती, कारण मात्र नेहमीप्रमाणे कळलं नाही.

सिबीचं घर अजून उभं होतं. मावशी तिथेच राहायची. दक्षिणेला परसात वाळवणाच्या दोरीचे दोन जुने खांब होते, ऊन आणि वारा भरपूर. ऑनर वळसा घालून उत्तरेकडच्या भिंतीशी गेली. तिथे ऊन कधी येतच नसावं, दगडांवर शेवाळ चढलं होतं. वर, हात पुरेल तिथे, एक गंजका आकडा ठोकलेला होता.

"हा कशाला, मावशी?"

"असेल बादली टांगायला. पहिल्यापासून आहे."

ऑनरने आकड्याला पाठ लावली आणि समोर पाहिलं. समोर डोंगर होता.

"फेस्टी, रविवारी मिस्सेनंतर समितीला गुहेपर्यंत चढवायचं."

"पाऊस सांगितलाय."

"उत्तमच झालं."

रविवारी गुहेच्या तोंडाशी मास्तर धापा टाकत बसले. कन्सेप्टाने भिजलेले बूट काढले. फेस्टीने थर्मासमधला चहा फिरवला, आणि तो आला म्हणून तरी लोकांनी शिव्या आवरल्या.

"खबर देणाऱ्याला दोन गोष्टी हव्यात," ऑनर म्हणाली. "लॉऱ्या निघणार हे आधी कळायला हवं, आणि मिस्सेच्या वेळी मोकळं असायला हवं. मास्तर, तुमचे आजोबा त्या वेळी कुठे?"

मास्तर टोपीशी चाळा करू लागले. आजोबा चर्चमध्ये पेटी वाजवत होते, हे त्यांनीच सांगितलं होतं.

"कन्सेप्टा, तुझे?"

"पहिल्या बाकावर," कन्सेप्टा म्हणाली आणि कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याच तोंडानं सांगितलं की गं मी."

"त्या सकाळी सगळं गाव चर्चमध्ये होतं. एकच बाई नव्हती. कोण, ते खुद्द फादरनी वेदीवरून जाहीर केलं."

"आळशी होती म्हणून," मास्तर म्हणाले.

"आळशी बाई पावसात कपडे वाळत घालायला बाहेर येते? आळशी बाई चुलीशी बसते, मास्तर. आणि धुणं हाच जिचा धंदा, तिला पावसात कपडे वाळत नाहीत हे ठाऊक नव्हतं? परसात उन्हाची दोरी असताना तिने सावलीतल्या भिंतीवर आकडा ठोकला. तिथे काही वाळत नाही. तिथलं फक्त इथून दिसतं."

"पण लॉऱ्यांचं तिला कसं कळणार?" फेस्टीने विचारलं.

"सदरे. नेहमीचा वार सोमवार. पण रविवारी मोहीम असली की शिपाई शनिवारीच ओले सदरे उचलायचे. टॅनचं धुणं धुते म्हणून गावानं तिच्याकडे पाठ फिरवली, आणि त्याच धुण्यातून ती बराकीच्या मनातलं वाचत होती. ताकाला तूर लागू दिली नाही तिनं."

"मिस्सा का चुकवली मग? आकड्यावर कपडा लावायचा आणि यायचं," कन्सेप्टा म्हणाली.

"लाल परकर म्हणजे खाली उतरू नका ही खूण, त्याच्या पट्टीवर आकड्याच्या गंजाचा डाग अजून आहे. त्या पावसात वारा असणार. परकर खाली पडला असता तर पोरं निर्धास्त उतरली असती. म्हणून ती भिंतीपासून हलली नाही. त्या काळी मिस्सा चुकवणं म्हणजे केवढं पाप, ते तुमच्या आज्यांना विचारायला हवं होतं. तिनं ते पाप घेतलं, शिव्या घेतल्या आणि म्हणही घेतली. आता खाली बघा."

खाली सगळं करडं होतं. शाळा टेकडीआड, चर्च झाडांआड. इथून गावातलं एकच घर दिसत होतं, आणि त्याचीही एकच भिंत. पांढरं डोकं असलेलं कोणीतरी हळूहळू त्या भिंतीशी आलं. हात वर गेले, खाली आले, पुन्हा गेले.

मग त्या करड्यात एक लाल ठिपका उमटला.

लहानपणापासून ज्या म्हणीवर आपण हसलो, तीच साक्ष होती आणि सगळं गाव ती शंभर वर्षं पाठ म्हणत होतं, हे फेस्टीला आत्ता कळत होतं. त्याला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला.

मॅलकी मास्तरांनी टोपी काढली. पाऊस टकलावर पडू दिला.

"पाथरवटाला मी सांगतो," ते म्हणाले. "आजोबा चांगली पेटी वाजवायचे. तेवढं पुरे आहे त्यांना."

शिळेवरचा पडदा पुढच्या महिन्यात एका रविवारी उघडायचा ठरला. पाऊस अर्थातच होता. फेस्टी कोट चढवून निघाला, तेवढ्यात आईने हाक मारली. ही म्हातारी नव्वदीची. रविवारी तिने जन्मात रुमालसुद्धा दोरीवर टाकला नव्हता, दुसऱ्या कोणी टाकलेला खपवूनही घेतला नव्हता.

"फेस्टी, माझा लग्नातला टेबलक्लॉथ काढ. बाहेर वाळत घाल."

"आई, पाऊस पडतोय. रविवार आहे."

"मला दिसतंय. डोळे शाबूत आहेत माझे."

त्याने मुकाट्याने टेबलक्लॉथ दोरीवर घातला. मग ऑनरला आणि मावशीला घ्यायला गाडी काढली. रस्त्याला लागल्यावर मात्र त्याचा वेग आपोआप कमी झाला. गिंटीच्या दारात चादरी होत्या. मास्तरांच्या कुंपणावर त्यांचे लांबलचक पायजमे ठिबकत होते. चर्चपर्यंत एक घर सुटलं नव्हतं, आणि फादरच्या घरामागेही एक पांढरा झगा भिजत होता.

मागच्या सीटवर अट्रॅक्टामावशी काचेला नाक लावून बघत होती.

"काय वेडे लोक आहेत," ती डोळे पुसत म्हणाली. "यातलं एकही वाळणार नाही."