पंधरा जणांचं गप्प जेवण

"बर्थडे इथंच ना?"

आवाज आला, पण माणूस दिसेना. दारातून आधी आत आली ती एक पेटी. माझ्याहून उंच, डोक्यावर टीव्ही, पोटात दोन स्पीकर, खाली चाकं. भाड्याने मिळतं ते गाण्याचं यंत्र. आमच्या इलोइलो शहरात वाढदिवस असो की बारसं, हे यंत्र आल्याशिवाय कार्याला सुरुवातच होत नाही. पेटीमागून मग एक घामेजलेला चेहरा डोकावला आणि... हसला.

"इथे समुपदेशन चालतं," मी म्हणाले.

"कुणाचं?"

"माझं. चार वाजता."

तो गडबडला. मग भिंतीवरची पाटी त्याने मोठ्याने वाचायला घेतली. "'बोलायची सक्ती नाही. एका जागी बसायची सक्ती नाही. नजरेला नजर द्यायची सक्ती नाही.' आणि गायची?"

"गायचीही नाही."

"मग माझ्या आईला इथे आणू नका. ती भिंतीलासुद्धा गायला लावेल."

मला हसू फुटलं. अनोळखी माणसासमोर मला हसू येत नाही. त्या बुधवारी आलं.

मी बोलताना जमिनीकडे बघते. लोकांना ते खटकतं, काही जण तर वाकून माझे डोळे शोधतात. याने काय केलं? एक खुर्ची सोडून बसला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत गप्पा मारू लागला. जसं काही माणसं अशीच बोलतात!

"मी दिंदो. बर्थडे बहुतेक शेजारच्या घरात आहे. पेटी पोचवतो आणि पाच मिनिटांत परत येतो, तुमचा नंबर मागायला."

तो सतरा मिनिटांनी आला.

"तुम्ही पाच म्हणाला होतात."

"मोजलीत?" त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे वाट बघत होतात!"

आता याला काय सांगायचं? खरं होतं तेच सांगितलं. "हो."

तर मी जेनालिन. मियागाओ गावात राहते, हातमागावर कापड विणते. मला ऑटिझम आहे हे चोवीस वर्षं कुणालाच, मलाही, ठाऊक नव्हतं. सगळे मला 'विचित्र पोर' म्हणायचे आणि मीही तेच धरून चालले होते. मग समुपदेशक मॅम फेबी भेटल्या. त्यांच्या केंद्रात आमच्यासारखी माणसं येतात, शनिवारी त्यांच्या घरचेही येतात. मॅम कधी "असं कर" म्हणत नाहीत. विचारतात, "तुला काय चालेल?" पहिल्यांदा त्यांनी हे विचारलं तेव्हा मला रडू आलं होतं, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

दिंदोही विचारायचा! आणि ते कुठे शिकून आला नव्हता. बुधवारी त्याचा मेसेज येई, "४ वाजून ५० मिनिटांनी केंद्राच्या दारात. निळा शर्ट." आणि खरंच तो त्याच मिनिटाला, निळ्याच शर्टात उभा. बात्चॉयच्या दुकानात गेलो की नूडल्सच्या वाडग्यावरचे कुरकुरीत तुकडे वेगळ्या वाटीत मागवायचा. माझ्या दातांना तो कुरकुर आवाज सोसत नाही, हे त्याने एकदाच विचारून ठेवलं होतं.

"हात धरू?" नदीकाठी चालताना त्याने एकदा विचारलं.

"किती वेळ?"

"त्या दिव्याच्या खांबापर्यंत?"

"बरं."

खांब आला, गेला. आणखी चार खांब गेले. हात कुणीच सोडला नाही, आणि माझं काळीज नुसतं धडधडत होतं. प्रेम म्हणतात ते हेच असणार, अशी माझी खात्री पटली.

ओळखीच्या सातव्या महिन्यात तो म्हणाला, "रविवारी घरी जेवायला येशील? सगळे असतील... पंधरा जण."

मी सहा दिवस झोपले नाही. भीतीने नाही हं, आनंदाने! कुणाच्या घरी आपल्याला बोलावतात, ही गोष्टच मला नवी होती. मनात पक्कं ठरवलं होतं, या माणसांना मी आवडले तर आयुष्यात मला दुसरं काही नको.

अरेवालो भागातल्या त्यांच्या घरी बाराच्या ठोक्याला पोचले. नेहमीप्रमाणे कानावर हेडफोन होते, कारण रस्त्यावरच्या जीपनी गाड्यांचे अचानक वाजणारे भोंगे मला सोसत नाहीत. दारातच ते काढून गळ्यात घातले.

आत चिडीचूप.

पंधरा माणसं मोजे घालून, भिंतीला लागून उभी. सगळी हसत होती. दिंदोची आई, नानाय पुरिंग, पुढे आली, ओठांवर बोट ठेवलं आणि मला खूण केली, बस. टेबलावर जाड गोधडी अंथरलेली. चमचे लाकडी. फणस आणि तुरीचे दाणे घातलेलं आंबटसर कालवण वाढलं गेलं, त्याचाही आवाज नाही. दिंदोची अठ्ठावन्न वर्षांची मावशी, टीटा बेबी, शिंक दाबून दाबून लालेलाल झाली होती. कोंबडा आणि कुत्रा, दोघांचीही रवानगी शेजारी केल्याचं मला नंतर कळलं.

माझे हात गार पडले.

आमच्या घरात माझे वडील ओरडण्याआधी गप्प व्हायचे. एक दिवस, कधी तीन दिवस. मग आईही गप्प, मीही गप्प, आणि मग एकदम ताटं उडायची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली, पण कुठलंही घर गप्प झालं की माझं अंग अजून ताटं उडायची वाट बघतं. समोर पंधरा चेहरे हसत होते आणि मी दोन घासांवरच चमचा खाली ठेवला.

मी उठले आणि मागच्या अंगणात गेले. मॅम फेबींनी शिकवलं होतं तसं स्वतःला सांगत राहिले... आज रविवार आहे. हे अरेवालो आहे. मी मोठी आहे.

मागोमाग दिंदो आला. जवळ नाही आला, केळीपाशी थांबला.

"फार आवाज झाला का गं?" तो कुजबुजला. "मी म्हटलं होतं टीटाला, शिंकलीस तर बघ!"

"कुजबुजू नकोस ना!" मी ओरडलेच. "आवाज झाला असता तर बरं झालं असतं. मी बारा मागांच्या खटखटाटात दिवसभर गाणी गुणगुणत असते, दिंदो! मला आवाजाची भीती नाही. मला... गप्प घराची भीती वाटते."

आणि मग सगळं सांगितलं. वडील, ताटं, ते तीन-तीन दिवस. मॅम फेबींशिवाय हे मी कुणाकडेही बोलले नव्हते. तो ऐकता ऐकता पायरीवर बसला.

"आम्ही आठवडाभर सराव केला," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "आई केंद्रात शनिवारच्या बैठकीलासुद्धा जाऊन आली. मॅमनी बजावलं होतं, काहीही ठरवायच्या आधी तिला विचारा."

"मग का नाही विचारलंस? तू तर नेहमी विचारतोस!"

"कारण तू म्हणाली असतीस, 'पंधरा माणसं? नको, मी नाही येत.'" त्याचे डोळे भरून आले. "माझं घर म्हणजे बाजार आहे, जेनालिन. गाण्याच्या पेट्या भाड्याने देणारी माणसं आम्ही! तुझे हेडफोन बघून मला रोज वाटायचं, ही या घरात एक दिवससुद्धा टिकणार नाही. ...आणि तुझ्याशिवाय माझं काय होणार होतं?"

इतका शहाणा माणूस आणि इतका खुळा! मला त्याचा रागही आला आणि त्याला घट्ट धरावंसंही वाटलं. "आत मीच सांगते," मी म्हणाले.

"मी सांगू का? तुला त्रास—"

"नाही. मीच."

आत अजूनही सगळे तसेच, घास हातात धरून. मी टेबलाकडे बघत उभी राहिले.

"तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. माझ्यासाठी कुणी कधी कोंबडासुद्धा हलवला नव्हता. पण माझ्या घरी गप्प बसणं म्हणजे राग असायचा. मला गप्प माणसांची भीती वाटते. कानाशी एकदम काही आदळू नका, एवढंच. बाकी... बोला ना. प्लीज, बोला!"

मग नानाय पुरिंगने छातीवर हात ठेवला आणि तोंडातून असा काही श्वास सोडला, की आठवडाभर तिने तो धरूनच ठेवला असावा.

"अगं माझे बाई, मग मी आता म्हणू का, की तू काहीच खाल्लं नाहीस? दोन घास! मी मोजलेत!"

"मी शिंकू का?" टीटा बेबीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता शिंकली.

मग जो गलका उसळला! कुणी भात वाढतंय, कुणी वाडगा पुढे सरकवतंय, कुणी म्हणतंय तिला फणस आवडतो का ते आधी विचारा. सगळे एकदम बोलत होते आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं. माझे हात हळूहळू ऊबदार झाले. मी तीनदा भात घेतला.

"मॅमनी सांगितलं होतं की नाही, तिला विचारा म्हणून?" टीटा बेबी नानायवर उखडली.

"मग! विचारलं असतं तर सरप्राइज कसलं? आणि तू काय बघतोस, तोतो?" नानायने चमचा थेट तिच्या लाडक्या 'तोतो'वर, म्हणजे दिंदोवर रोखला. "महिनाभर आरशासमोर घोकतोयस, ते विचार की आता! का तेही आम्हीच परस्पर ठरवायचं?"

दिंदो कानापर्यंत लाल झाला. खुर्ची मागे सारून उभा राहिला. घोकलेलं सगळं विसरला होता, ते स्पष्टच दिसत होतं.

"जेनालिन... तुला चालेल का... म्हणजे, लग्न... माझ्याशी?"

"हो," मी म्हणाले.

पण त्या गलक्यात कुणालाच ते ऐकू गेलं नाही, त्यालाही नाही. तो पांढरा पडून माझ्याकडे बघत राहिला. म्हणून मी खुर्चीवर चढले आणि जन्मात पहिल्यांदा, भरल्या घरात, पोटातून ओरडले, "हो म्हणतेय मी! हो!"