आक्षेप क्रमांक त्रेसष्ट

बासष्ट पत्रांना त्याने उत्तरं लिहिली होती. त्रेसष्टावं मात्र दोन महिने टेबलाच्या वरच्या खणात पडून होतं. खण उघडायची वेळ आली, की तो उगाच खालचा खण उघडून बसायचा.

हा माणूस एका समितीचा संपादक होता. एका कंपनीच्या फोनवरून पाठवलेलं बैठकीचं निमंत्रण दुसऱ्या कंपनीच्या संगणकाला जसंच्या तसं कळावं, कुणाचं कॅलेंडर कुणाच्याही कॅलेंडरशी बोलू शकावं, यासाठीचे नियम ही समिती लिहीत होती. सात वर्षं तो त्या मसुद्यात बुडालेला होता. बैठकीत नेहमी टेबलाच्या पार टोकाला बसायचा आणि बारीक आवाजात बोलायचा, म्हणून सगळे त्याला तळटीप म्हणत.

समितीचा शिरस्ता कडक होता. मसुद्यावर कुणीही आक्षेप घ्यावा, आणि संपादकाने प्रत्येकाला लेखी उत्तर द्यावं. आक्षेप कागदावर आला, तर उत्तरही कागदावर. उत्तराची नक्कल समितीच्या नोंदवहीत, सगळ्यांना वाचता येईल अशी. एक जरी आक्षेप बिनउत्तराचा राहिला, तरी मतदान होणार नाही.

आणि हा त्रेसष्टावा आक्षेप... तो तिचा होता.

ती भेटली चाचणीच्या दिवशी. वर्षातून दोनदा सगळ्या कंपन्यांचे लोक एका मोठ्या हॉलमध्ये आपापले संगणक घेऊन बसत आणि दिवसभर एकमेकांना खोटी निमंत्रणं पाठवत. ‘हत्तीची दाढी, दुपारी दोन.’ ‘चंद्रावर बैठक, छत्र्या आणाव्यात.’ निमंत्रण पोचलं का, होकार परत आला का, एवढंच बघायचं आणि वहीत टिपायचं.

“इथं कुणी बसलंय का?”

त्याने मान वर केली. वाऱ्याने विस्कटलेले केस, कडेवर मूल घ्यावं तसा कागदांनी भरलेला खोका, आणि डोळ्यांत... राग? हो, बहुतेक रागच.

“न... नाही. म्हणजे, माझी पिशवी बसलीय.”

“मग तिला उठवा. सकाळपासून उभी आहे मी.”

पिशवी उठली. ती बसली. ती फेरीबोटीच्या धक्क्यावर कप्तान-खलाशांच्या पाळ्या लावायची, आणि तिला संपादकाला गाठायचं होतं. शेजारी बसलाय तोच संपादक, हे तिच्या गावीही नव्हतं.

“तुम्हीच सांगा,” ती म्हणाली. “सरकारने उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे केली. दुसऱ्या दिवशी माझ्या कॅलेंडरमधली सहाची पाळी आपोआप सातची झाली. ऐंशी माणसं धक्क्यावर, आणि कप्तान अंथरुणात! शिव्या कुणी खाल्ल्या?”

“तुम्ही?”

“नाहीतर काय त्या संपादकाने?”

त्याने घसा खाकरला. “त्याचं असं आहे... मसुद्यात प्रत्येक वेळ जगाच्या घड्याळात बदलून साठवतात. जगभर एकच घड्याळ. त्यात गोंधळ कमी होतो.”

“जगाच्या घड्याळाने उठतं कोण हो?”

त्याने मसुद्यातलं ते पान काढून समोर ठेवलं.

“माझा कप्तान त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाने उठतो. त्याचे सहा म्हणजे सहा. तुम्ही नुसते सहा लिहा, आणि कुठल्या गावचे सहा तेही लिहा. पुढची आकडेमोड करू दे की यंत्राला. त्याला काय काम आहे दुसरं?”

सात वर्षं शंभर शहाण्या माणसांनी जे पान खरडलं होतं, ते तिने एका दमात फाडून हातात दिलं होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण उलट छाती भरून आली, जणू ही बाई कुणीतरी आपलीच आहे आणि आपण तिला जगाला दाखवतोय.

“संपादक मीच आहे,” तो म्हणाला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग खळखळून हसली. “अगं बाई! आणि मी तुमच्या पिशवीला उठवलं!”

दोन तास दोघं एका कागदावर वाकून होते. तिच्या पाळीपत्रकाच्या पाठीवर कलम बारा, वेळा कशा लिहायच्या ते, नव्याने उतरलं. एक शब्द ती खोडायची, एक तो. मध्येच दोघांचे हात एकाच शब्दावर आले... आणि तो शब्द बराच वेळ खोडायचा राहून गेला.

साडेतीनला त्याच्या पडद्यावर तिचं निमंत्रण उमटलं. ‘चहा. चार वाजता. कॅन्टीन, खिडकीजवळचं टेबल.’

त्याने ‘होकार’ दाबला. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: निमंत्रण पोचलं, होकार परत गेला, चाचणी यशस्वी. आणि नऊ नंबरच्या टेबलावर खोळंबलेल्या मंडळींकडे निघून गेला. दारातून ती वळून त्याच्याकडे बघून हसली. चाचणी जमल्याचा हिलाही आनंद झाला, असं समजून त्याने अंगठा वर केला.

सहाला तो जागेवर आला, तेव्हा तिची खुर्ची रिकामी होती. तीन आठवड्यांनी पत्र आलं.

‘आक्षेप. विषय: कलम सात, निमंत्रणाला होकार. मसुद्यानुसार होकार म्हणजे माणूस त्या वेळी त्या जागी येणार. चाचणीच्या दिवशी मला असा होकार मिळाला. मी चारपासून साडेपाचपर्यंत खिडकीजवळ बसले. कुणी आलं नाही. तेव्हा एकतर कलम सात चुकलं आहे, नाहीतर संपादक. कृपया लेखी खुलासा व्हावा.’

रविवारी सकाळी अध्यक्षबाईंचा फोन आला. “तळटीप, शुक्रवारी मतदान आहे. त्रेसष्टचं काय?”

“लिहितोय, बाई.”

“दोन महिने? अरे, कलम बारा वाचून लोक खूश आहेत तुझ्यावर. एवढं सुरेख सुचलं कसं तुला?”

“शुक्रवारच्या आत देतो,” म्हणून त्याने विषय बदलला. फोन ठेवला, तर समोर ताई. ती शाळेत गणित शिकवायची. तांबडं पेन कानावर ठेवून, तपासायच्या पेपरांचा गठ्ठा बाजूला सारून तिने पत्र मागितलं, आणि त्याने ते मुकाट्याने दिलं.

“दीड तास बसली बिचारी?”

“हो.”

“आणि तू वहीत यशस्वी लिहिलंस?”

“ताई, तांत्रिकदृष्ट्या—”

“तांत्रिकदृष्ट्या तू गाढव आहेस.”

“उत्तर नोंदवहीत जातं गं. दोनशे लोक वाचतात.”

“मग अक्षर चांगलं काढ.”

“ती रागावली असेल तर?”

“रागावलेलं माणूस तोंड फिरवून निघून जातं, राजा. कलमाचा नंबर हुडकून, तिकीट चिकटवून कोण लिहितं?” ताईने पत्र परत दिलं. “पण दोन महिने झालेत. आता तिने दुसऱ्या कुणाबरोबर चहा घेतला असेल, तर मला सांगू नकोस.”

दोनशे माणसांचं हसू सोसेल, पण हे? आजवर उत्तराचे अकरा मसुदे फाडून झाले होते. बारावा त्याने एकटाकी लिहिला.

‘आक्षेप क्रमांक त्रेसष्ट. निकाल: पूर्णपणे मान्य. कलम सात बरोबर आहे, संपादक चुकला. त्याला खरं निमंत्रण ओळखता आलं नाही, कारण तसं त्याला आधी कुणी पाठवलं नव्हतं.

‘दुसरा खुलासा. कलम बारा माझ्या नावावर चाललं आहे. ते तुमचं आहे. सात वर्षांच्या या कामात मला ज्या पानाचा सर्वांत जास्त अभिमान वाटतो, ते पान तुम्ही लिहिलंत, हे समितीने नोंदवून घ्यावं.

‘उशिराला सबब नाही. मी घाबरलो होतो. मला तुम्ही आवडता. हे वाक्य नोंदवहीतून वगळू नये.

‘मंगळवारी चारच्या बोटीने मी तुमच्या धक्क्यावर उतरतो आहे. चहाला याल?’

सोमवारी सकाळी त्याने आधी नक्कल नोंदवहीत चढवली. पोस्टात पोचेपर्यंत खिशातला फोन चारदा वाजला. त्याने तो बंदच करून टाकला आणि रांगेत उभा राहिला.

“उद्यापर्यंत पोचेल ना?” त्याने खिडकीतल्या बाईंना विचारलं.

“दुपारी बारापर्यंत. पोचपावती हवी?”

“नको,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज मागच्या सगळ्या रांगेला स्पष्ट ऐकू गेला. “पाठोपाठ मी स्वतःच चाललोय.”

बाईंनी चष्म्यावरून त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, हसू दाबलं, आणि पाकिटावर दणकन शिक्का मारला.