चौथी पट्टी

निजामपुऱ्यात राहणाऱ्या अहल्या प्रधानकडे साथीदार टिकत नसत. पेटीवाला एका दिवाळीत गेला आणि तबल्याचे गणपतराव दोन हजार आठच्या श्रावणात. जाताना ते एवढंच म्हणाले, "ताई, तुम्हाला माणूस नको, यंत्र पाहिजे."

गंमत म्हणजे अहल्याला ते पटलं. गणेशोत्सवात मंडळाने तिला चौदा वर्षांनी पहिल्यांदा अर्धा तास दिला होता. तो हातचा घालवायची तिची तयारी नव्हती.

नवरा माधव रिफायनरीत उपकरणांच्या विभागात होता. यंत्राचं नाव काढलं की त्याची तहानभूक हरपायची. परदेशात म्हणे गाणारा एकटाच स्टेजवर बसतो, पायाने पेडल दाबतो, कॉम्प्युटर त्याचा आवाज पकडून गोल गोल वाजवत राहतो आणि त्याच्यावर तो पुढचा थर गातो. माधवने एक पेडल आणलं आणि तीन सॉफ्टवेअर लॅपटॉपवर उतरवून घेतली.

पहिलं नमुन्याचं होतं. दर चाळीस सेकंदांनी त्यातून एक मड्डम "ट्रायल व्हर्जन" म्हणायची. मालकंस असो की भजन, मध्ये मड्डम. दुसरं उघडलं तर पडदाभर एवढी बटणं, काटे आणि दिवे आले की माधवचे डोळे भरून आले.

"अगदी आमची कंट्रोल रूम!"

"म्हणूनच नको," अहल्या म्हणाली. "तुमच्या कंट्रोल रूममध्ये आठ माणसं लागतात."

तिसरं मात्र साधं आणि पूर्ण फुकट होतं. पडद्यावर चार आडव्या पट्ट्या, बस्स. एकदा पेडल दाबलं की पट्टीत आवाज भरायचा, पुन्हा दाबलं की तो फिरत राहायचा. तेच ठरलं. पण ते बसवताना माधवचा घाम निघाला. सुरुवातीला टाळी दिली की ती पादरा गावाला जाऊन आल्यासारखी उशिरा ऐकू यायची. त्याने कसलासा आकडा कमी केला, तर स्पीकरमधून लाह्या फुटायला लागल्या. चार दिवसांनी तो आकडा कुठेतरी मधोमध स्थिरावला.

आता उरला घरचा गोंगाट. वरच्या मजल्यावर गरब्याचा क्लास आणि खाली हातगाडी. एकदा तर "भींडा, तुरिया" ओरडणारा भाजीवाला नेमका समेवर येऊन बसला आणि अर्धा तास तिथेच फिरत राहिला.

म्हणून रविवारी दुपारी दोघं लहरीपुऱ्यात गोविंदरावांच्या वाद्यांच्या दुकानात गेली. "मजामां ना, अहल्याबेन?" गोविंदरावांनी गल्ल्यातून किल्ली काढली. "वरची खोली शांत आहे. हल्ली वर कोणी जात नाही."

"का?" माधवने विचारलं.

"आधी काम करून या," ते म्हणाले आणि पेटीचा भाता पुसायला लागले.

खोलीत डांबरगोळ्यांचा, जुन्या लाकडाचा आणि कोंदट कापसाचा वास होता. खिडकीच्या फटींतून उन्हाच्या चार रेघा आत येत होत्या. खालच्या बाजाराचा आवाज जणू जिन्यात अर्ध्यावरच थांबत होता. माईकमध्ये घरघर नको म्हणून माधवने पंखा बंद केला. त्याचं पातं कुरकुरत थांबलं आणि मग इतकं शांत झालं की अहल्याला स्वतःचा आवंढा ऐकू आला.

पहिल्या पट्टीत तिने तंबोऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा सूर भरला, दुसऱ्या पट्टीत मांडीवरचा ठेका, तिसऱ्या पट्टीत सरगम. तिन्ही थर फिरू लागले आणि स्पीकरमधून कोणीतरी हलकेच खाकरलं.

"मड्डम परत आली वाटतं," माधव म्हणाला.

"मड्डम इंग्रजीत बोलायची... ही मराठीत खाकरली."

माधवने पडद्याकडे पाहिलं. चौथी पट्टी रिकामी होती, नुसती सरळ रेघ. फेरा पूर्ण झाला. तिथूनच एका म्हाताऱ्या बाईचा कोरडा आवाज आला.

"पुन्हा."

माधवने माईकची वायर उपटली. फेरा फिरून आला. वायर त्याच्या हातात लोंबत होती आणि आवाज तोच होता. "पुन्हा."

अहल्या स्पीकरपासून मागे सरकली. "कोण... कोण आहे?"

स्पीकर गप्प. पण माधवने उभा जन्म यंत्रं तपासण्यात घालवला होता. भीतीने ओठ पांढरे पडले तरी त्याचं डोकं थांबेना. "तिला बोलायला जागा नाहीये," तो कुजबुजला. "पेडल दाब... मोकळं भरू दे... आता पुन्हा दाब."

आठ सेकंदांची शांतता चौथ्या पट्टीत भरली आणि फिरून आली. तिच्यात एकच शब्द होता.

"घाई."

दर आठ सेकंदांनी. घाई. घाई. अहल्याने ते पुसलं. पण गंमत पाहा, भीतीच्या जागी तिला राग येऊ लागला. "घाई? माझी? गणपतराव मागे राहायचे!" तिने पेडल दाबलं, थांबली, पुन्हा दाबलं.

"तू पळतेस."

माधव खोकला.

"तुम्ही बोलू नका हं!"

"मी कुठे काय बोललो?" त्याने पडद्यावर हळूच बोट ठेवलं. ठेक्याचे उंचवटे एका जागी होते आणि तिचे स्वर दर वेळी केसभर आधी. डोळ्यांना दिसत होतं. अहल्या बराच वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. मग तिने पदर खोचला, माधवला माईकची वायर परत जोडायला लावली, सगळं पुसलं आणि नव्याने सुरुवात केली.

अकरा वेळा तिने ते गायलं. दहा वेळा "पुन्हा" आलं. अकराव्या वेळी काहीच आलं नाही. फक्त कोणीतरी खूप दिवस धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा आवाज झाला आणि त्या उकाड्यात दोघांच्या मानेवरून गार वारा गेला.

जिना ती दोघं तीन ढांगांत उतरली.

"झालं?" गोविंदराव म्हणाले. "माझ्या वडिलांनी जागा घेतली त्याआधी वर एक बाई मुलींना गाणं शिकवायच्या. कोण, काय, ठाऊक नाही. एवढंच सांगतो, वर जाऊन पेटी वाजवून पाहिलेल्या एकाही गिऱ्हाइकाने आजवर पेटी घेतलेली नाही. ओशाळून खाली येतात."

घरी पोचल्यावर अहल्याने गणपतरावांना फोन लावला. "चूक माझी होती. मी पळत होते."

"ताई... तब्येत बरी आहे ना?" त्यांनी घाबरून विचारलं. ते सुरतेला लेकीकडे होते, अनंत चतुर्दशीनंतर येणार होते. त्यामुळे अहल्या एकटीच स्टेजवर बसली.

कार्यक्रम संध्याकाळी पाचला होता. लॅपटॉप, पेडल, तीन पट्ट्या. चौथीला तिने हात लावला नाही. पहिल्या समेला पुढच्या रांगेतल्या माना एकदम हलल्या आणि अर्धा तास हलतच राहिल्या. माधवला कोपऱ्यात उभ्याउभ्या रडू आलं. त्याने ते वायरिंगच्या धुळीवर ढकललं.

नंतर मंडळाच्या स्नेहलताबाई बशी घेऊन लगबगीने आल्या. "सुरेख झालं गं! आणि तुझ्या मागे बसलेल्या त्या आजी कुठे गेल्या? चहासुद्धा घेतला नाही त्यांनी."

अहल्याच्या हातातला पेढा तसाच राहिला. "माझ्या मागे... कोणी नव्हतं."

"असं काय करतेस? नऊवारीतल्या. ताठ बसल्या होत्या अगदी. तुझा पत्ता विचारत होत्या. मी दिला बाई, शिकवायचं अजून बरंच राहिलंय म्हणाल्या."

दोघं स्कूटरवरून थेट घरी आली. घराला बाहेरून कुलूप होतं, जसं लावलं होतं तसंच. माधवने किल्ली काढली आणि हात तसाच हवेत थांबला.

आत कोणीतरी सावकाश, एकेक तार छेडत, तंबोरा जुळवत होतं. तंबोरा त्यांच्या घरात कधीच नव्हता.