खडूची वर्तुळं

आईनं मला खाली पाठवलं होतं ते फक्त फत्तेसिंग अण्णांचा लोणच्याचा डबा परत द्यायला. येलहंक्यातल्या आमच्या इमारतीत अण्णा तळमजल्यावर राहतात, पार्किंगला लागून. आम्ही पुण्याहून इथे कन्नड मुलखात येऊन चार वर्षं झाली. त्यांचं घराणंही मराठीच, पण ते साडेतीनशे वर्षांपूर्वीच इथे आलंय. चाळीस वर्षं ते बांधकामांवर सुपरवायझर होते. अजूनही बोलताना समोरच्याकडे कमी आणि भिंतींकडे जास्त बघतात.

मी डबा हातात दिला आणि करंट गेला. आमच्याच इमारतीतले शार्दूल आणि मुग्धा पार्किंगमध्ये शटल खेळत होते, ते चाचपडत येऊन बसले. अण्णांनी खुर्ची बाहेर ओढली. शार्दूल मधल्या खांबाला पाठ टेकून बसला आणि हात मागे नेऊन बोटांनी खांबावर ठोकायला लागला. टक्, टक्, टक्.

"ठोकू नकोस," अण्णा म्हणाले.

"का, इमारत पडेल?"

"स्वल्प गप्प बस. सांगतो का ते."

त्यांनी सांगितलं ते असं.

माझा एक मित्र आहे, रघुनंदन. इंजिनिअर. जुन्या इमारती तपासायचं काम करतो. हातोडी छोटी, एवढीशी. पण कान तयार. गिलाव्यावर तीनदा ठोकायचं, थांबायचं, ऐकायचं. आवाज टणक आला की पुढे. पोकळ आला की तिथे खडूनं गोल काढायचा. पायापासून सुरुवात, मग हळूहळू वर. माझ्याबरोबर पंधरा वर्षं होता. त्याच्या गोलांवर आम्ही डोळे मिटून छिन्नी चालवायचो.

गेल्या वर्षी त्याला देवनहळ्ळीच्या अलीकडचं एक बंद पडलेलं थीम पार्क तपासायला दिलं. तुम्ही विमानतळावर जाताना उजवीकडे एक पडका पाळणा दिसतो, त्याच्या मागे. नव्या मालकांना एवढंच कळायला हवं होतं, की जुन्या तीन इमारतींपैकी पाडायच्या कुठल्या आणि डागडुजी करून वापरायच्या कुठल्या. तिकीटघर ठेवा, बोटघर ठेवा, हे त्यानं दिवसाउजेडी लिहून टाकलं. राहिला राक्षसमहाल. अंधारातून रुळांवर छोट्या गाड्या जायच्या, आणि शेवटच्या वळणावर एक मोठा राक्षस लोखंडी गदा घेऊन खाली वाकायचा. पोरं किंचाळायची. तिथे मालकांना हॉटेल काढायचं होतं. भिंती अजून दणकट होत्या.

पण रघुनंदन घरून ठरवूनच निघाला होता. पाडा, असंच लिहायचं.

का, ते सांगतो. सहा वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुट्टीत, ती गदा राक्षसाच्या खांद्यापासून निखळली आणि खाली काम करणाऱ्या रघुजी नावाच्या ऑपरेटरच्या डोक्यात बसली. माणूस जागेवर गेला. डोकं... असो. कंपनीनं सांगितलं, पिऊन आत गेला होता. त्याच्या सहा महिने आधी 'सर्व बोल्ट तपासले, सुस्थितीत' असं लिहून सही कोणी केली होती? रघुनंदननं. गर्दी होती, गाड्या थांबवायला कोणी तयार नव्हतं. यानं दारातून टॉर्च मारला आणि सही केली. आता हॉटेल करायचं म्हटलं की गिलावा फोडणार, लोखंड उघडं पडणार, दुसरा कुठलाही इंजिनिअर बघून सांगणार, की हे बोल्ट दहा वर्षांत कोणी खोलून बघितलेले नाहीत. पाडलं की सगळा राडारोडा. विषय संपला.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. संध्याकाळचे सव्वासात.

किल्ली एका बाईकडे होती. सोयराबाई. रघुजीची बायको. पार्क बंद पडल्यावर साफसफाईला म्हणून तिला तिथेच ठेवून घेतली होती. आमच्यातलीच, जुन्या घरातली. तिनं कुलूप काढलं आणि विचारलं, "पाडणार का ठेवणार, साहेब?"

"बघून सांगतो, अक्का."

"त्या वेळीही बघूनच सांगितलं होतं ना?"

रघुनंदन खिशातला खडू चाचपत राहिला. ती म्हणाली, माझा नवरा थेंबभरही पीत नव्हता. रोज सकाळी पाना घेऊन एकेक बोल्ट तीनदा ठोकायचा. खांद्याचा बोल्ट पोकळ वाजतो म्हणून रजिस्टरात लिहूनही आला होता. ते रजिस्टर कुठं गेलं, ठाऊक नाही. आता हा महालही पाडला की तो दारुडाच राहणार. मग ती बाजूला झाली. "जावा. ठोकून बघा. सरी ठोका, नीट ठोका."

आत कुबट वास. गाड्या रुळांवर गंजून बसलेल्या. मोबाइलच्या उजेडात राक्षस दिसला. फायबरचा, दात पिवळे पडलेले. उजवा हात खांद्यापासून नाही. तो तेव्हाच भंगारात गेला होता.

अहवालाला फोटो लागतात. दहा गोल तरी दिसायला हवेत. रघुनंदननं हातोडी कमरेलाच ठेवली. भिंतीवर ठोकलंच नाही. खडू घेतला, चांगल्या भिंतीवर गोल काढला, फोटो काढला. पोरांनो, इतक्या वर्षांत त्यानं न ठोकता काढलेला तो पहिला गोल. चार पावलांवर दुसरा. फोटो. मग तिसरा.

तिसऱ्याचा फोटो काढताना मागून आवाज आला.

टक्. टक्. टक्.

पहिल्या गोलावर. आवाज टणक. अस्सल भिंतीचा.

तो वळला. कोणी नाही. "अक्का?"

अक्का बाहेर होती. दारात कंदिलाच्या उजेडात तिची सावली दिसत होती.

टक्. टक्. टक्. दुसऱ्या गोलावर. टणक.

मग थोडा वेळ काहीच नाही. कोणीतरी ऐकत असल्यासारखं.

त्यानं कमरेला हात लावला. हातोडी नव्हती.

टक्. टक्. टक्. तिसरा गोल. त्याच्या कानाशेजारी. गिलाव्याची धूळ त्याच्या गालावर उडाली. हातोडी दिसली नाही. हात दिसला नाही. मोबाइल विझला.

तो पळाला. रुळाला अडखळला. तोंडावर पडला, दात ओठात घुसला. उठणार...

तेवढ्यात घोट्यावर. हलकेच.

टक्. टक्. टक्.

थांबलं. ऐकलं.

मग घाव बसला.

हाड फुटल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर. तो ओरडला. पाय ओढत सरकला. खडूचा भुगा पायावर पडतोय असं वाटलं. गोल, गोल फिरणारा. मग गुडघा. हलकेच तीनदा. थांबणं. ते थांबणंच जास्त वाईट, असं तो मला म्हणाला. घाव. वाटी आतल्या आत फुटली. रक्त बुटात उतरलं. तो रडत होता. मग बरगड्या. तीनदा. थांबणं. घाव. श्वास अर्ध्यात तुटला. परत एक. तोंडात रक्त आलं.

पायापासून वर. त्याचीच पद्धत.

मग उजवा हात. सही करतो तो. कोणीतरी तो रुळावर नीट ठेवला. बोटं सरळ केली. एकेक. घाई नाही.

टक्...

अंगठा. मग पुढचं बोट. पाचही. हाताचं काय उरलं ते मी पाहिलंय. ते सांगत नाही.

मग कपाळ.

टक्.

टक्.

तिसरं... आलं नाही.

अंधार. कोणीतरी ऐकतंय. अगदी जवळून. श्वास नाही, वास नाही. नुसतं ऐकणं.

तेव्हा रघुनंदन बोलला. फुटक्या तोंडानं, पण दारापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं. "मी बघितलं नव्हतं. एकही बोल्ट बघितला नव्हता. दारातूनच सही केली. रघुजीची चूक नव्हती."

दारात सोयराबाई उभी होती. तिनं शब्द न् शब्द ऐकला. मगच ती कंदील घेऊन आत आली.

डॉक्टर म्हणाले, उंचावरून पडला असणार. पण जिथे जिथे हाड मोडलं होतं, तिथे कपड्यांवर नाहीतर कातडीवर खडूचा गोल होता. नेमका. आणि भिंतीवरचे त्याचे तीन गोल कोणीतरी पुसून टाकले होते. हातोडी मिळाली नाही. पोलिसांनी रूळ उचकटून पाहिले. नाही.

आठवड्यानं त्यानं डाव्या हातानं जबाब लिहून दिला. सगळं लिहिलं. रघुजीच्या मृत्यूचा तपास पुन्हा उघडला. राक्षसमहाल आता पुरावा आहे, त्यामुळे पाडताही येत नाही आणि वापरताही येत नाही. दाराला सील आहे. सोयराबाईनं दारावर नवऱ्याचा फोटो लावलाय, हार घालते.

अण्णा थांबले. मुग्धानं माझा दंड पकडला होता, तो सोडला नव्हता.

"मग संपलं की," शार्दूल म्हणाला. आवाज त्याचा नेहमीचा नव्हता.

अण्णांनी मांडीवरचा डबा चाचपला. अंधारात डब्याचं झाकण उघडल्याचा आणि परत लावल्याचा आवाज आला.

"मी त्याला हॉस्पिटलात भेटलो," ते म्हणाले. "मला म्हणाला, अण्णा, अशा न बघता केलेल्या सह्या किती, मला आठवत नाही. माझ्या हातोडीला आठवत असतील."

"आणि आपली इमारत?" मी विचारलं. मी सहसा काही विचारत नाही.

"आपलं सर्टिफिकेट..." अण्णा म्हणाले. "सोसायटीला घाई होती. मीच आणून दिलं. त्याच्याकडून. फोनवर सांगून. तो इथे बघायला आलाच नाही."

तेवढ्यात करंट आला. पार्किंगमधले सगळे दिवे एकदम लागले. शार्दूल उठून उभा राहिला आणि आमच्याकडे बघून हसणार होता. पण आम्ही त्याच्याकडे बघत नव्हतो.

तो इतका वेळ ज्या खांबाला टेकून बसला होता त्यावर, बरोबर त्याच्या पाठीच्या उंचीवर, खडूचा एक गोल होता. रेघ कुठेही पुसट झालेली नव्हती. खाली फरशीवर पांढरा भुगा पडला होता. शार्दूलचा काळा टी-शर्ट स्वच्छ होता.

अण्णा खुर्चीतून उठले, खांबाजवळ गेले. उजव्या हाताचं बोट वाकवून त्यांनी गोलाच्या मध्यापर्यंत नेलं. ते तसंच धरून ठेवलं...

ठोकलं नाही.