ये म्हणायची सवय

संध्याकाळचा चहा संपवून रेणुका डोळ्यांवर चष्मा चढवायची. मग लातूरमधल्या तिच्या दोन खोल्या नाहीशा व्हायच्या आणि समोर शाळेचं खोटं अंगण उभं राहायचं. कडुनिंब, त्याखाली पार, आणि पारावर किनवटच्या वसतिगृहातली महामाया. तिकडे पोरीच्या डोळ्यांवरही असाच चष्मा असायचा. एवढ्या लांबून दोघी शेजारी बसून बोलायच्या. रेणुकाची नोकरीच तशी होती. एकट्या पडलेल्या पोरींना शाळेत टिकवायचं.

आई वारल्यापासून महामायाचं कशातच मन लागत नव्हतं. दोनदा ती वसतिगृहातून निघून गेली, आणि दोन्ही वेळा पैनगंगेच्या काठावर सापडली. तेव्हापासून रेणुकाचा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून तिने पोरीला एक सवय लावली. उठताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. महामाया "येते मॅडम" म्हणायची, ही "ये गं" म्हणायची. तेवढ्या शब्दावर रेणुका दुसरी संध्याकाळ गाठायची.

त्या सोमवारी पारावर महामायाच्या शेजारी आणखी एक पोर होती. चष्म्यात प्रत्येकीच्या डोक्यावर तिचं नाव दिसायचं; हिच्या डोक्यावर नाव नव्हतं, चेहरा कोरा होता. वेणी मात्र ओली. चष्म्यातल्या त्या शाळेत पाण्याचा थेंब नव्हता, तरी वेणी ठिबकत होती.

"ही कोण गं?"

"हळू बोला मॅडम... ऐकून राहिली ती." महामाया अंग चोरून बसली. "लई दिवसांपासून मागं लागली. नदीकडं चल म्हनती. पहिले दोन खेपेला बी तीच घेऊन गेल्ती."

रेणुकाने घाईघाईने वसतिगृहाच्या शिवशंकर सरांना फोन लावला.

"दुसरी कुठून येईल मॅडम? चष्मा एकच हाय हितं."

तेवढ्यात ती कोरी पोर उठून उभी राहिली. "येते," म्हणाली.

रेणुकाचं अर्धं लक्ष फोनमध्ये होतं. सवयीने ती बोलून गेली, "ये गं."

रात्रभर ती कूस बदलत राहिली. दुसऱ्या दिवशी चहा उकळायच्या आधीच चष्मा चढवला. पारावर महामाया एकटीच होती, आणि चक्क हसत होती.

"गेली मॅडम! लई दिवसांनी झोपले मी. आता न्हाई पळायची, शपथ."

रेणुकाला रडूच आलं. "कुठे गेली गं?"

"तुमच्याकडं. तुम्हीच ये म्हनलात न."

रेणुकाने चष्मा ओढून काढला. घर जिथल्या तिथे होतं. फक्त दारापासून तिच्या खुर्चीपर्यंत फरशीवर ओल्या पावलांचे ठसे होते. परत गेलेले नव्हते. खोलीत गाळाचा वास कोंडला होता.

"जा" हा शब्द तिच्या ओठांवर आला. पण इथून हाकललं तर ती ओली पोर परत कुठे जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नुकतीच तर महामाया झोपायला लागली होती. रेणुकाने शब्द गिळला आणि चष्मा पुन्हा चढवला.

महामायाचं हसू मावळलं होतं. ती रेणुकाकडे टक लावून बघत होती.

"मॅडम... तुमची वेनी ओली कशानं?"

रेणुकाने मानेमागे हात नेला. तिचे केस तर आखूड कापलेले होते. बोटं मात्र भिजली.