फिकट करडी अक्षरं

माझ्या पाटीवर पिवळा कागद चिकटवलेला पाहिला आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या पाट्या, हे माझं पहिलं मोठं काम. सायीच्या रंगावर फिकट करडी अक्षरं… तीन आठवडे झगडले होते त्या रंगांशी. पसंत पडल्या तर वरचे दोन मजलेही मलाच मिळणार होते. आणि त्यावर कुणीतरी काळ्या मार्करने ढब्बू अक्षरांत खरडलं होतं – 'तपासणी इकडे'.

"कुणाचे उद्योग हे?"

"माझे," रुग्णांच्या डोळ्यांत थेंब घालणारा म्हणाला. वर हसतही होता.

"रंगांतलं काही कळतं तुम्हाला?"

"नाही. पण रोज चाळीस माणसं त्याच पाटीखाली उभी राहून मला विचारतात, तपासणी कुठे?"

"मग चष्मे द्या त्यांना."

"थेंब घातल्यावर चष्माही कामाचा नाही. बघायचंय?"

मी तावातावाने खुर्चीत बसले. "घाला."

त्याने माझी हनुवटी अलगद वर केली. बोटं गार होती… थेंब त्याहून गार. अर्ध्या तासाने पाहिलं तर भिंत होती, अक्षरं नव्हती. दिसत होता तो मेला पिवळा कागद. मला रडू आलं, रागाने – आणि आता तो राग माझ्यावरच होता.

"थेंबांनी येतं पाणी," म्हणत त्याने रुमाल पुढे केला. खोटारडा. त्याचा चेहरा धूसर दिसत होता आणि मला तो नीट बघायचा होता. त्याचाही राग आला.

मी सगळ्या पाट्या बदलल्या. पिवळ्यावर काळं. वरचे मजले मिळाले. रोज जात होते, रोज त्याच्याशी भांडत होते – रंग सोडून बाकी सगळ्यावरून.

शेवटची पाटी लागली त्या दिवशी त्याने सायरंगी चिठ्ठी हातात दिली आणि पाठ फिरवली. मी ती उजेडात धरली, तिरकी केली. फिकट करड्या पेन्सिलीने लिहिलं होतं – 'उद्यापासून तुम्ही येणार नाही. मला करमणार नाही.'

"हे असं का लिहिलंय?"

"तुमचेच रंग… वाचता आलं नाही तर बरंच, असं वाटलं."

"भित्रट कुठले. इतकी महत्त्वाची गोष्ट कुणी फिकट लिहितं?"

त्याच्या खिशातला मार्कर ओढला, पिवळा कागद घेतला, 'मलाही' असं लिहून त्याच्या शर्टावर थापला.

"मलाही," बाकावरच्या, थेंब घातलेल्या आजींनी मोठ्याने वाचलं. "काय मलाही, गं?"