सायबाच्या मळ्यातली पात

माणसाला कसला नाद लागेल ते सांगता येत नाही. सोलापूरच्या भवानी पेठेत मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणाऱ्या प्रभुलिंगला जमिनीतल्या जुन्या वस्तू हुडकायचा नाद लागला होता. त्यासाठी त्यानं ऑनलाइन एक यंत्र मागवलं होतं. लांब दांडा आणि खाली ताटलीएवढी चकती. चकती जमिनीवरून फिरवत चालायचं. खाली लोखंड असलं की यंत्र घोगरं बोलायचं, चांदी असली की बारीक शीळ घालायचं. दर रविवारी दुकानाला कुलूप लावून तो इंग्रजांच्या वेळच्या जागा शोधत हिंडायचा आणि संध्याकाळी एखादं गंजकं बटण खिशात घालून मोठ्या ऐटीत घरी यायचा. त्याची बायको भुवनेश्वरी त्या बटणांना 'ह्यांची इस्टेट' म्हणायची आणि हसायची.

त्या रविवारी तीही त्याच्याबरोबर निघाली, कारण वाट मैंदर्गीवरून जात होती आणि मैंदर्गी तिचं माहेर. आईवडील गेल्यापासून घर बंदच होतं, पण गाडीवरून जाताना तिनं त्याच्या खांद्यावर थोपटून ते दाखवलं. "दार बघा की, अजून हिरवंच हाय," ती म्हणाली. पुढं जिथं जायचं होतं त्या रानापर्यंत ती लहानपणच्या गोष्टी सांगत राहिली. प्रभुलिंगला त्या सगळ्या पाठ होत्या, तरी त्यानं ऐकून घेतल्या. त्याचं बायकोवर फार प्रेम होतं आणि ते त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या गावाबाहेरच्या त्या रानाला सायबाचा मळा म्हणत. कोण्या गोऱ्या साहेबानं तिथं परदेशी कापसाची लागवड केली होती. साहेब गेला, कापूस गेला, नाव राहिलं. आताचे मालक महादेवप्पा यांनी फोनवरच परवानगी दिली होती. वर, "तुमाला काय घावलं तर ते तुमचंच," असंही म्हणाले होते. लिंबाखाली त्यांची राखणदारीण चंद्रव्वा बसली होती. म्हातारी, हातापायांच्या काड्या, पण नजर चांगली.

"कूड्री," बसा म्हणत तिनं भुवनेश्वरीला सावलीत जागा करून दिली.

रान काळंभोर, पडीक. दोन्ही बाजूंच्या शेतांत ज्वारी पुरुषभर होऊन कणसाला आली होती. इथं मात्र काही पेरलेलं नव्हतं, आणि गवताची एक काडीही नव्हती. पडीक रान इतकं स्वच्छ कसं, असं प्रभुलिंगनं विचारलं.

"हितं तण ऱ्हात न्हाय," चंद्रव्वा म्हणाली. "उगवतंय की. पण ऱ्हात न्हाय."

प्रभुलिंगचं तिच्या बोलण्याकडं लक्ष नव्हतं. त्यानं कानाला हेडफोन लावले होते. तासाभरात त्याला मुकुटाची खूण असलेलं पितळी बटण मिळालं, एक मोडकं बक्कल मिळालं. मग मळ्याच्या मध्यावर यंत्रानं बारीक शीळ घातली. तो उकिडवा बसला आणि खुरप्यानं माती उकरू लागला. टीचभर खाली चांदीची जोडवी निघाली. आधी एक, त्याच्या शेजारी वीतभर अंतरावर दुसरं. दोन्ही उभी होती, पायात घातल्यावर असतात तशी. त्यानं ती पुसून खिशात टाकली.

दीड हातावर पुन्हा शीळ आली. त्याच्या पुढं आणखी एक. प्रत्येक ठिकाणी दोन आवाज, शेजारी शेजारी. दक्षिणेच्या बांधापासून उत्तरेकडं अशी एक सरळ ओळ निघाली. सगळं उकरत बसण्याआधी त्यानं प्रत्येक आवाजावर एकेक दगड ठेवला आणि चंद्रव्वाला हाक मारली. तिनं लांबूनच ओळ बघितली. जवळ काही ती आली नाही.

"पात धरलीया बायांनी," ती हळू म्हणाली.

खुरपायला बसलेल्या बायका अशाच एका ओळीत बसतात, हे प्रभुलिंगला माहीत होतं. प्रत्येकीपुढं तिचा पट्टा असतो, ती तिची पात. सगळ्या मिळून पुढं सरकतात आणि समोरचा बांध लागला की उठतात.

"माजी आजी सांगायची," चंद्रव्वा म्हणाली. "सायबाचा मुकादम लई कडक व्हता. त्यानं उठा म्हटल्याबिगर कुणी उठायचं न्हाय. पात बांधाला लागली तरी न्हाय, परत वळून दुसरी धरायची. एक दिस उनाच्या कारात बाया बसवल्या आन् मुकादम निघून गेला. गावात पटकी आली व्हती, त्या भ्यानं गेला म्हणं. उठा म्हणायला माघारी कुणी आलंच न्हाय."

"मग?"

"मग काय... बसल्या त्या."

अशा गोष्टी प्रत्येक गावात असतात. प्रभुलिंगनं मान डोलावली. तिघांनी लिंबाखाली शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली, आणि चंद्रव्वा शेजारच्या ज्वारीवरची पाखरं हाकायला गेली.

जेवून तो ओळीपाशी परतला. पहिल्या दगडावर चकती धरली. यंत्र गप्प. दुसऱ्या दगडावरही गप्प. बॅटरी गेली की काय म्हणून त्यानं चकती थोडी पुढं सरकवली आणि शीळ आली. प्रत्येक दगडाच्या पुढं हातभर अंतरावर आता आवाज होता. दगड जागेवर होते. ओळ पुढं गेली होती.

वारा पडला होता. ओल्या मातीचा आणि उपटलेल्या गवताचा हिरवा, कडवट वास येत होता, आणि मैलभर ओलं गवत नव्हतं. प्रभुलिंगला पहिल्यांदा भीती वाटली. पण तो यंत्रावर भरवसा ठेवणारा माणूस. त्याला वाटलं, आपलीच मोजणी चुकली. मघाशी जोडवी काढली तिथं पुन्हा बघावं म्हणून त्यानं बायकोला बोलावलं.

"इथं बस जरा. हे खुरपं घे आणि पुढं पुढं उकर. मी यंत्र धरतो."

ओळीत तेवढीच एक जागा रिकामी होती. ती त्यानंच रिकामी केली होती. भुवनेश्वरी साडी खोचून तिथं बसली.

आधी ती उकरत होती. मग तिचा हात बदलला. माती खणणारं खुरपं आडवं झालं, जमिनीलगत फिरू लागलं. डाव्या हातानं मूठ धरायची, खुरप्यानं मूळ कापायचं, मूठ बाजूला टाकायची. मुठीत काही नव्हतं. ती न थांबता पुढं सरकत होती. जन्मात तिनं खुरपणी केली नव्हती. तिचे वडील मैंदर्गीत शिक्षक होते.

"भुवना, पुरे. ऊठ."

तिनं मान वर केली नाही.

त्यानं तिचा दंड धरला. दंड तापलेल्या तव्यासारखा होता आणि ती जागची हलेना. त्यानं खिशातली जोडवी काढून होती तिथं घातली, वर माती लोटली, हात जोडले. काही उपयोग झाला नाही. त्या जागेवर आता दुसरी बाई बसली होती. भुवनेश्वरीच्या ओठांना भेगा पडू लागल्या होत्या, अन् ऊन तर उतरणीला लागलं होतं. त्यानं बाटली तिच्या तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून सांडलं, तिनं गिळलं नाही.

ही इथंच मरणार, हे त्याला स्पष्ट कळलं. आणि तेव्हाच म्हातारीचं बोलणं आठवलं.

प्रभुलिंग ओळीच्या समोर जाऊन उभा राहिला. त्याला लाज वाटली, रिकाम्या रानाशी काय बोलायचं... पण त्यानं घसा साफ केला आणि मोठ्यानं म्हणाला, "उठा बायांनो. झालं काम. उठा सगळ्याजणी."

मळाभर सळसळ झाली. खूप लुगडी एकदम झटकल्यासारखी. भुवनेश्वरीनं खुरपं खाली ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि साडीची माती झाडली. प्रभुलिंगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं यंत्र सगळ्या ओळीवरून फिरवलं. कुठंच आवाज नव्हता.

ज्वारीच्या कडेला चंद्रव्वा उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"उठा म्हणालात," ती म्हणाली. "कुटं जावा, ते न्हाय सांगिटलं?"

त्याला थांबायचं नव्हतं. बायकोला मागं बसवून त्यानं गाडी दामटली. मैंदर्गीतून जाताना तो मुद्दाम सावकाश झाला. भुवनेश्वरीनं हिरव्या दाराकडं बघितलं नाही. दमली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि सोलापूरपर्यंत तेच समजावत राहिला.

दिवेलागणीला ते घरी पोचले. ती तडक स्वयंपाकघरात गेली. तो बाहेरच्या खोलीत खुर्चीवर डोळे मिटून पडला. भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. रोजचा, घरचा आवाज. त्याला बरं वाटलं. बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं की आवाज थांबतच नाहीये. आणि दुसरंही काही ऐकू येत होतं. याच खोलीत, भिंतीलगत, बांगड्यांची बारीक किणकिण. शेजारच्यांकडं पाहुणे असतील, असं म्हणत तो उठला, आणि भिंतीकडं न बघता आत गेला.

ओट्यावरची शेगडी तिनं जमिनीवर उतरवून घेतली होती. तिच्यापुढं ती उकिडवी बसली होती. पिठाचा डबा संपत आला होता. शेजारी भाकरींची चळत तिच्या खांद्याला लागली होती.

"अगं, एवढ्या कुणाला?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं मान वर केली. ओळखीचं माणूस बघितल्यासारखं त्या नजरेत काही नव्हतं. लगबगीनं तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, नजर खाली घातली आणि उठून उभी राहिली.

"मुकादम," ती म्हणाली, "उद्या कुटल्या रानात?"

बाहेरच्या खोलीतली किणकिण थांबली. त्याचं उत्तर ऐकायला.